मोठ्याने वाचून दाखवावे

त्या रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी फ्यूजभाऊंनी आमच्या गल्लीचा फ्यूज काढला, घरासमोर खुर्ची टाकली आणि माणसं येण्याची वाट बघत बसले. बाजूच्या स्टुलावर पक्कड, रबरी हातमोजे, पाण्याची बाटली. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. मतदानाला बरोबर दोन आठवडे उरले होते.

माणसं आली नाहीत.

यात नवल काय, ते कळायला आधी फ्यूजभाऊ कोण ते सांगायला हवं. ते पूर्वी वीज खात्यात वायरमन होते. आमच्या प्रभागात सात गल्ल्या, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक लोखंडी पेटी, तिच्यात त्या गल्लीचे फ्यूज. बावीस वर्षांपूर्वी ते नगरसेवक झाले. नोकरी सोडली, पण पेट्यांच्या किल्ल्या सोडल्या नाहीत. लाइट गेली की लोक खात्याला फोन करत नसत, कारण तिथे फोन उचलायला कोणी नसे. लोक भाऊंच्या दारी जात. भाऊ भरल्या ताटावरून उठत, शिडी लावून स्वतः खांबावर चढत, आणि ते खाली उतरायच्या आत घरोघरचे पंखे फिरू लागत. मग टाळ्या. मीही वाजवल्या आहेत. भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे, 'भाऊ आहेत, लाइट आहे.'

लाइट मुळात जाते कशी, हे कोणी विचारत नसे. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते तोंडातून काढणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. मतमोजणी केंद्रनिहाय होते, आणि एकेका गल्लीचं एकेक मतदान केंद्र. कोणत्या गल्लीने किती मतं विरोधात टाकली ते भाऊंना दुसऱ्या दिवशी कळायचं, आणि त्यांना कळलंय हे त्या गल्लीला तिसऱ्या दिवशी कळायचं.

मी या प्रभागाच्या वाचनालयाचा व्यवस्थापक. मला सगळे मास्तर म्हणतात. आयुष्यात मी एकही तास शिकवलेला नाही. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. अडतीस वर्षं मी प्रत्येक सूचना टाइप करून बोर्डावर चिकटवत आलो, ती एवढ्याचसाठी. वाचनालय म्हणजे एक लांब टेबल, अकरा खुर्च्या, वर्तमानपत्रांच्या सहा काठ्या लावलेला स्टँड, आणि मागची खोली, जिथे जुन्या अंकांचे बांधलेले खंड आहेत. सहा काठ्यांपैकी एक अकरा वर्षं रिकामी होती. तिच्याबद्दल पुढे सांगतो. आधीच सांगावं हे खरं, पण धीर होत नाही.

तर रविवारी लोक का आले नाहीत? कारण प्रभागात माठ आले होते.

त्याचं कंपनीने दिलेलं नाव लांबलचक आहे. गुडघाभर उंचीचं, मातकट रंगाचं, गोल भांडं. घराच्या कोपऱ्यात पाण्याच्या माठासारखं बसतं, म्हणून माठ. आत मीठ आणि कसलीशी माती असते, असं सूनबाई सांगते. छतावर कागदासारखा पातळ पत्रा अंथरायचा, त्याची वायर माठाला जोडायची. एका दिवसाच्या उन्हात माठ भरतो आणि भरलेला माठ नऊ दिवस घर चालवतो. पूर्वीच्या बॅटऱ्या एका रात्रीत मान टाकायच्या आणि दोन वर्षांत मरायच्या. हा वीस वर्षं टिकेल म्हणतात. मिळतो एका सायकलच्या किमतीत. दीड वर्षात आमच्या गल्लीत माठाशिवाय एकही घर राहिलं नाही; वाचनालयातही एक बसला. बायका एकमेकींना विचारू लागल्या, "भरला का गं माठ?" बसवण्याचं काम सूनबाई आणि तिच्या चार मैत्रिणी करतात. माझा मुलगा जहाजावर असतो, वर्षातून दोन महिने घरी. घरात मी, ती आणि तिची वायरची भेंडोळी.

त्या दुपारी मी वाचनालय बंद करून जेवायला घरी निघालो होतो. भाऊंचं घर वाटेत.

"मास्तर, या इकडे. लाइट आहे का वाचनालयात?"

"आहे."

"आहे?" त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, जणू लाइट घड्याळात दिसते. "पंखा?"

"फिरत होता. आत्ताच बंद करून आलो."

"आणि गल्लीत?"

"मशीनमावशींचं मशीन ऐकू येतंय की."

येत होतं. मशीनमावशी आमच्या शेजारच्या. शाळेचे गणवेश शिवतात. त्यांचं विजेचं शिलाई मशीन भरधाव चाललं होतं.

"लाइट गेलीये," भाऊ म्हणाले. "अर्धा तास झाला. तुम्हा लोकांना पत्ताच नाही?"

"मग तुम्हाला कशी कळली?" मी विचारलं.

देवाशपथ, मी साध्या मनाने विचारलं होतं. त्यांच्याही घरात माठ आहे, पंखा आहे, त्यांना गेल्याचं कळावं कसं, एवढंच माझ्या मनात आलं. पण बोललेलं माझ्याच कानावर पडलं तेव्हा त्याचा दुसरा अर्थ कळला. समोरच्या खिडकीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"जेवून घ्या, मास्तर," भाऊ म्हणाले.

संध्याकाळी पाच वाजता त्यांनी स्वतःच खांबावर चढून फ्यूज परत लावला. कोणी बघितलं नाही, टाळ्या वाजल्या नाहीत. मी खिडकीतून बघत होतो. त्या माणसाच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण आहे, तरणेपणी एका पावसाळी दिवशी तार जोडताना झालेला. खांबावर चढायची कला अंगात मुरलेली. साठी उलटली तरी पाय चुकत नाही. मला, का कोण जाणे, त्यांची दया आली. ती चूक होती.

मंगळवारी सकाळी ते वाचनालयात आले. एकटेच. त्या वेळी टेबलावर कोणी नव्हतं. त्यांनी खिशातून दोन कागद काढून माझ्यासमोर सरळ करून ठेवले, एक मूळ आणि एक प्रत.

"वाचा. तुम्ही वाचणारे."

नगरपालिकेने नवा नियम केला होता. घरं दाटीची असतील तिथे, सुरक्षेसाठी, प्रभागातले सगळे माठ एका सार्वजनिक खोलीत एकत्र ठेवावेत आणि तिथून घरोघर वायरी न्याव्यात. अट एकच: अशी खोली तिच्या व्यवस्थापकाने संमती देऊन उपलब्ध करून दिली पाहिजे. खोली नसेल तर नियम लागू नाही. आमच्या प्रभागात सार्वजनिक म्हणावी अशी खोली एकच. माझी मागची. भाऊंचे कागद म्हणजे त्या संमतीचा चार कलमी ठराव.

"घराघरात माठ," भाऊ म्हणाले. "उद्या एखादा तापला, फुटला, मग?"

"सूनबाई म्हणते तो कोमटसुद्धा होत नाही."

"सूनबाई म्हणते! सूनबाई काल वायर सोलायला शिकली. मी खांबावर जन्म काढलाय, मास्तर." त्यांनी बाही वर केली, व्रण दाखवला. मग आवाज उतरवून म्हणाले, "वहिनींचं यंत्र आठवतं?"

आठवतं.

अकरा वर्षांपूर्वी माझी बायको श्वासाच्या यंत्रावर होती. यंत्र विजेवर चाले. निवडणूक होऊन तीन दिवस झाले होते, आणि आमच्या केंद्रावर नर्सताईंना त्रेसष्ट मतं पडली होती. नर्सताई म्हणजे दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका. दर वेळी भाऊंच्या विरोधात उभ्या राहायच्या, दर वेळी पडायच्या. भर दुपारी आमच्या गल्लीची लाइट गेली. मी धावत भाऊंच्या दारी गेलो. ते जेवत होते. म्हणाले, "तुमच्या टेबलावर तो एक पेपर येतो म्हणे. आमच्या फ्यूजवर पत्रबित्र छापलंय त्याने."

मी म्हटलं, "येतो."

"कशाला येतो?"

आणि मी, ज्याने आयुष्यभर लोकांना सांगितलं की वाचनालयात सगळं वाचायला मिळालं पाहिजे, तो मी म्हणालो, "उद्यापासून येणार नाही."

ते ताटावरून उठले. सात मिनिटांत यंत्र सुरू झालं. संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय दिलंत त्यांना?" मी म्हटलं, "काही नाही." मी पेपर बंद केला. ती आणखी दोन वर्षं जगली. या दोन वाक्यांपैकी कोणतं आधी लिहावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काठी मात्र तेव्हापासून रिकामी होती. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, मोडलीये.

"त्या दिवशी मी 'जेवण होऊ दे, मग बघतो' म्हटलं असतं तर?" भाऊ विचारत होते.

मी दोन्ही कागदांवर सह्या केल्या.

"प्रत बोर्डावर लावून टाका, नेहमीसारखी," ते म्हणाले. "मूळ मी सोमवारी पालिकेत देतो." आणि जाताना पंख्याकडे बघून म्हणाले, "छान फिरतोय."

घरी सूनबाई जेवणाच्या टेबलावर वायरी सोलत बसली होती. मी प्रत तिच्यापुढे ठेवली. तिने उठून ती उभ्या उभ्या वाचली.

"बाबा, हे तुम्ही न वाचता सही केलीत ना? सांगा, न वाचताच."

"वाचलं. दोनदा."

"चौथं कलम?"

"तेही."

ती खाली बसली. "तीनशे दहा घरांत माठ बसवले आम्ही. दीड वर्ष छपरांवर उन्हात भाजून निघालो. कशासाठी? लोकांना लाइटसाठी कोणापुढे हात जोडायला लागू नयेत म्हणून. आणि तुम्ही एका सहीत सगळे माठ एका कुलपात घातलेत. पूर्वी त्यांच्याकडे सात पेट्यांच्या सात किल्ल्या होत्या, आता एकच. सोय झाली की त्यांची!"

मी टेबलावरचे वायरींचे तुकडे गोळा करू लागलो.

"काय म्हणाले ते? आईंचं काढलं असणार."

मी मान हलवली. तेव्हा मी तिला रिकाम्या काठीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. ती मध्ये बोलली नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "आईंना माहीत होतं."

"काय?"

"मोडलेली काठी कोणी अकरा वर्षं स्टँडवर ठेवतं का? मला लग्न झालं त्या वर्षीच सांगितलं होतं त्यांनी. म्हणाल्या, त्यांना विचारू नकोस, ते फार लाजतील." तिने पुन्हा पक्कड हातात घेतली. "मी बोलू का भाऊंशी? मी घाबरत नाही."

"नको," मी म्हटलं. "सही माझी आहे."

हे म्हटलं खरं, पण पुढे काय ते मला माहीत नव्हतं. म्हणजे, माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

वाचनालयाच्या भिंतीवर संस्थापकांनी लिहिलेले नियम काचेत लावले आहेत. संस्थापक औषधांचे दुकानदार होते आणि माणसांवर त्यांचा फारसा विश्वास नसावा. दर शनिवारी मी ती काच पुसतो, त्यामुळे नियम पाठ आहेत. नववा असा: 'खोलीविषयीचा कोणताही ठराव व्यवस्थापकाने वाचनाच्या वेळेत, सभासदांसमोर, मोठ्याने वाचून दाखवावा. त्याउपर मंजूर वा नामंजूर लिहावे. तोवर व्यवस्थापकाची सही अपुरी समजावी.' अडतीस वर्षांत एकही ठराव मी वाचून दाखवला नव्हता. सगळे चिकटवले. कोणी तक्रार केली नाही, कारण ते काचेतले नियम माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. माझ्या भित्रेपणामुळे या वाचनालयाचे सगळेच ठराव कच्चे होते, हे त्या आठवड्यात माझ्या ध्यानात आलं. रंगकाम, नवी कपाटं, सगळं कच्चं. मला हसू आलं.

बुधवारी मी बोर्डावर चिकटवलं, ते ठरावाची प्रत नव्हे. चार ओळींची सूचना: 'शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मागच्या खोलीविषयीचा ठराव नियम नऊप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला जाईल.'

गुरुवारी भाऊंचा माणूस सूचना वाचून गेला. शुक्रवारी मी घरातल्या आरशासमोर वाचून पाहिलं. तिसऱ्या ओळीला आवाज गेला. सूनबाई दाराबाहेरून म्हणाली, "बाबा, श्वास घ्या की मध्ये. जळतंय थोडंच काही!"

शनिवारी पाच वाजता अकरा खुर्च्यांवर अकरा माणसं आणि भिंतींना टेकून पन्नास. नर्सताई खिडकीशी. मशीनमावशी गळ्यात टेप घेऊनच आल्या होत्या. भाऊ दारात उभे राहिले, आत आले नाहीत, पण दारही सोडलं नाही.

मी उभा राहिलो. कागद थरथरत होता, म्हणून तो टेबलावर ठेवला. मग तो दिसेना, म्हणून पुन्हा उचलला.

"ठराव," मी म्हटलं.

"ऐकू येत नाही!" मशीनमावशी ओरडल्या. "मोठ्याने लिहिलंय ना तुमच्या त्या काचेत? मग मोठ्याने."

म्हणजे काच वाचणारं आणखी कोणीतरी होतं. मला अडतीस वर्षांत कळलं नाही. कसा कोण जाणे, त्याने धीर आला.

मी वाचलं. पहिलं कलम, प्रभागातले सर्व माठ मागच्या खोलीत आणले जातील. दुसरं, खोलीला एकच कुलूप असेल. तिसरं, किल्ली लोकप्रतिनिधीकडे राहील. चौथ्याच्या आधी मी श्वास घेतला. "सुरक्षेच्या कारणास्तव लोकप्रतिनिधीस कोणत्याही घराची जोडणी, पूर्वसूचना न देता, हवी तेवढी मुदत बंद ठेवता येईल."

"परत वाचा," भिंतीकडून कोणीतरी म्हणालं.

मी परत वाचलं.

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळी माझा आवाज माझा राहिला नव्हता. तो कोणातरी बऱ्या माणसाचा होता.

"खाली व्यवस्थापकाची सही आहे," मी पुढे म्हटलं. "माझीच. मी वाचून, समजून केली. भीतीने केली. अकरा वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या यंत्रासाठी लाइट हवी होती, तेव्हा त्या काठीवरचा पेपर मी बंद केला. काठी मोडलेली नाही. मी तुमच्याशी खोटं बोललो. ज्यांना तो पेपर वाचायचा होता त्यांना मी अकरा वर्षं वाचू दिला नाही."

भिंतीला टेकलेला आमचा पोस्टमन म्हणाला, "मास्तर, आम्हाला वाटायचं पेपर बंद पडला."

"नाही. रोज निघतो."

"हे काय चाललंय?" भाऊ दारातून म्हणाले. "ठराव वाचायचा होता, की रडगाणं? मास्तर, सही झाली आहे. कागद माझ्याकडे आहे."

"सही अपुरी आहे, भाऊ." मी काचेकडे बोट दाखवलं. हात स्थिर होता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुन्हा कधी तसा होईल याची खात्री नाही. "नियम नऊ. वाचून दाखवल्यावर मंजूर किंवा नामंजूर लिहायचं, मग ती पुरी होते." मी पेन काढलं आणि सर्वांदेखत माझ्या सहीवर 'नामंजूर' लिहिलं. खाली तारीख घातली. "ही नोंद आज पालिकेच्या पत्त्यावर जाईल. पोस्टमन इथेच आहेत."

"त्या दिवशी तुमच्या बायकोला मी वाचवलं!"

"हो," मी म्हटलं. "आणि फ्यूज कोणी काढला होता?"

हा प्रश्न बावीस वर्षांत कोणी मोठ्याने विचारला नव्हता. मीसुद्धा तो विचारीन असं ठरवलं नव्हतं. कागदावर तो नव्हताच.

भाऊंचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे. आत्ता जातो आणि सातही पेट्या उघडतो. बघू मग कोण कोणाच्या दारी येतं ते."

"काढा की!" मशीनमावशी म्हणाल्या. "सातही काढा. खिशात घेऊन फिरा. गेल्या रविवारी काढलात, माझे बारा सदरे शिवून झाले तोवर. तुमच्या दारी यायला वेळ कोणाला होता?"

आधी एक हसला, मग खोली हसली. तसं हसू मी वाचनालयात कधी ऐकलं नव्हतं; तिथे 'शांतता राखा' अशी पाटी आहे, तीही माझीच चिकटवलेली. भाऊंनी सवयीने वर पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. ते निघून गेले.

पेट्या त्यांनी उघडल्या की नाही ते मला सांगता येणार नाही. कोणालाच सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात प्रचार बदलला. भाऊंची माणसं भिंतींवर काय लिहावं ते न कळल्यासारखी हिंडत होती. एका भिंतीवर 'भाऊ आहेत' एवढंच लिहून त्यांनी जागा सोडली होती. त्या मोकळ्या जागेत कोणीतरी खडूने लिहिलं, 'बरं, मग?' लोक त्यांना थांबवून गटारीचं विचारत. दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदाच का येतो ते विचारत. बावीस वर्षांत भाऊंना असं कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे उत्तरं तयार नव्हती. नर्सताईंकडे होती, त्या अकरा वर्षं तीच सांगत होत्या, फक्त अंधारात ऐकायला कोणाला सवड नव्हती.

मतदानाला मी सकाळी सातला गेलो, रांगेत तिसरा. कोणाला मत दिलं ते लिहीत नाही. आता लिहिलं तरी आमच्या गल्लीचा पंखा थांबणार नाही, पण गुप्त ठेवायची वस्तू गुप्त ठेवण्यातही एक मजा असते, ती मला पहिल्यांदाच मिळत होती.

मंगळवारी निकाल लागला. फ्यूजभाऊ निवडून आले.

एकोणीस मतांनी. मागच्या वेळी दोन हजारांनी आले होते. सूनबाईने बातमी ऐकून हातातली पक्कड टेबलावर आपटली. "म्हणजे एवढं करून शेवटी तेच!"

मला वाईट वाटलं. वाटलं, मी आठ दिवस आधी उभा राहिलो असतो तर? अकरा वर्षं आधी? हे प्रश्न माझ्या सवयीचे आहेत, ते सुटणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाव्या काठीला तो पेपर लावला. त्यात एकोणीस मतांची बातमी होती. टेबलावर मी एक कोरी वहीही ठेवली आणि तिच्यावर लिहिलं, 'नगरसेवकांना सांगायच्या गोष्टी'. शनिवारपर्यंत वहीची सव्वीस पानं भरली. पहिली सहा नर्सताईंच्या हस्ताक्षरात.

शनिवारी पाच वाजता भाऊ आले. का आले ते त्यांनी सांगितलं नाही. दारी कोणी येत नसल्यामुळे असेल. पांढरा शर्ट होता, इस्त्री नव्हती. टेबलावर सात-आठ जण होते. सगळ्यांनी माना वर केल्या. भाऊंनी सहाव्या काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जिंकलोय मी, मास्तर."

"हो. एकोणीसनी. वाचलं."

"जिंकणं ते जिंकणंच."

"बसा ना, भाऊ," मी म्हटलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. ते बसले. मी वही उघडली, उभा राहिलो आणि चष्मा पुसला. "सव्वीस पानं आहेत. मोठ्याने वाचतो. मध्ये उत्तर द्यायचं असेल तर थांबवा."

"मला कशाला वाचून दाखवताय?" ते म्हणाले. "मी तर निवडून आलोय."

"म्हणूनच तुम्हाला दाखवतोय," मी म्हटलं. "पडला असतात तर नर्सताईंना दाखवलं असतं."

घसा कोरडा पडला होता. मी पाणी प्यायलो आणि पहिलं पान वाचायला घेतलं. तिसऱ्या गल्लीतली गटार, उघडी, अकरा वर्षं.